सासूबाईंची मालिका, नवऱ्याची स्टिक आणि माळ्यावरचा व्हीसीआर

पत्र असं आलंय:

"नमस्कार दादा, आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. घरात मी, नवरा आणि सासूबाई, वय ७८. मुलगा पुण्याला नोकरीला. आमच्याकडे डिशचा जुना एचडी डबा आहे, त्याला पेनड्राइव्ह लावून मी सासूबाईंच्या मालिका रेकॉर्ड करते, कारण संध्याकाळी त्या देवळात भजनाला जातात आणि साडेसातची मालिका चुकते. दोन महिन्यांपासून डबा नीट ऐकत नाही, एक बटण दहादा दाबावं लागतं. नवरा म्हणतो काढून टाक, नेटवरून टीव्ही दाखवणारी स्टिक घेऊ. मुलगा म्हणतो डिशच बंद करा, आता रेकॉर्डिंग कोण करतं. सासूबाई काही बोलत नाहीत पण तोंड उतरलंय. शिवाय माळ्यावर एक व्हीसीआर आणि वीसेक कॅसेट आहेत, एक माझ्या लग्नाची, १९९६ ची, आणि एकीत सासऱ्यांचा आवाज आहे, ते आता नाहीत. नवरा म्हणतो नवीन डब्यात हे सगळं घालता येईल. खरंच येतं का? पाच-सहा हजारांत काय घ्यावं? – गोंधळलेली सून"

ताई, नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, नाही येत. स्टिक घ्या नाहीतर डबी घ्या, तिचं एचडीएमआयचं तोंड टीव्हीत जातं आणि त्यातून चित्र फक्त बाहेर पडतं, आत काही घेत नाही. व्हीसीआरच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरी खुपसायला तिला भोकच नसतं. तेव्हा कॅसेटचं काम वेगळं, त्यावर खाली सावकाश लिहितो, तोवर माळ्यावरून काहीही भंगारवाल्याला देऊ नका, मिस्टरांनी कितीही घाई केली तरी.

तुमच्या घरी काय झालंय सांगू का, तीन माणसं तीन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलतायत आणि सगळेजण तिला डबाच म्हणतायत, म्हणून भांडण मिटत नाहीये. रेकॉर्डर म्हणजे कोठी. जे हवेतून आलं ते आपण भरून ठेवलं, मग ते आपल्या घरात आहे. स्ट्रीमिंगची डबी म्हणजे निरोप्या, तुम्ही सांगाल ते दुसऱ्याच्या कोठीतून आणून दाखवणार आणि दाखवून झालं की हात झटकून मोकळा, स्वतःजवळ काही ठेवत नाही. आता कोठी बरी की निरोप्या बरा असं कोणी विचारलं तर मी तरी काय सांगणार, घरात कोण काय खातं ते आधी कळायला नको का.

मी इथे इंदुरात रामबागेत बरीच वर्षं व्हिडिओ लायब्ररी चालवली, म्हणून हे माझ्या डोक्यात असं बसलंय. जपानात सोनीने १९७५ ला बीटामॅक्स काढला, पुढच्याच वर्षी जेव्हीसीने व्हीएचएस काढला, आणि आपल्याकडे रंगीत टीव्ही आला १९८२ च्या एशियाडच्या वेळी, त्याच्या मागोमाग व्हीसीआर. विकत घेणारे थोडे, भाड्याने नेणारे जास्त. रात्रभरासाठी व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन-चार कॅसेट असा सेट सायकल रिक्षावर नाहीतर हातगाडीवर जायचा आणि अख्खी गल्ली सतरंजी घालून बसायची, सकाळी डोळे लाल आणि पोहे खायला रांग. पण व्हीसीआरमधला आर म्हणजे रेकॉर्डर हे फार कमी लोकांना वापरता आलं. टायमर लावायचा म्हणजे आधी घड्याळ लावायचं, आणि लाईट गेली की घड्याळ पुन्हा शून्यावर, त्यामुळे बहुतेकांच्या व्हीसीआरवर बारा नाहीतर शून्य लुकलुकत असायचे ते कायमचेच. तरी ज्यांना जमलं त्यांनी १९८७ ला रविवारी सकाळचं रामायण १८० मिनिटांच्या कॅसेटवर भरून ठेवलं, आणि ती मंडळी कॅसेट कुणाला द्यायची नाहीत. मला त्यांचं तेव्हा हसू यायचं, आता नाही येत.

पुढे टेप गेली आणि हार्ड डिस्क आली. अमेरिकेत टिवो नावाचा डबा १९९९ ला आला, चालू कार्यक्रम थांबवायचा, दार उघडून यायचं, मग तिथूनच पुढे बघायचं, हे लोकांना तेव्हा जादूच वाटली. आपल्याकडे २००८ मध्ये टाटा स्कायने प्लस नावाचा डबा काढला, आत डिस्क होती, एक चॅनल बघता बघता दुसरं रेकॉर्ड व्हायचं. तो महाग होता म्हणून मग स्वस्तातले डबे आले, त्यात डिस्क नाही पण मागे नाहीतर पुढे यूएसबीचं भोक, पेनड्राइव्ह तुम्ही आणा. तुमच्याकडे आहे तो हाच प्रकार.

या डब्याची गंमत अशी की तो चित्र नव्याने बनवत नाही, वरून जे आकडे आले ते जसेच्या तसे पेनड्राइव्हवर उतरवतो, त्यामुळे रेकॉर्डिंग आणि मूळ यात काडीचा फरक दिसत नाही. जागेचा हिशोब तुम्ही स्वतः करू शकता. एचडी चॅनल साधारण ६ ते ८ मेगाबिट दर सेकंदाला येतं असं धरा, ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट, तासाला ३६०० सेकंद, म्हणजे तासाला साडेतीन जीबी. अर्ध्या तासाची मालिका पावणेदोन जीबी, आठवड्याचे सहा भाग दहा-अकरा जीबी. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर दोन मालिका आठवडाभर बसतात आणि तिसरी लावली की जागा नाही म्हणून डबा रुसतो. तेव्हा बघून झालेले भाग पुसत चला, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

पण कोठीला घुशीही असतात, ते लपवत नाही. एक म्हणजे ही रेकॉर्डिंग कुलूपबंद असते, तोच पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला तर काही उघडत नाही, दुसऱ्या डब्यात लावला तरी नाही, त्याची किल्ली त्याच डब्याच्या पोटात. डबा मेला की रेकॉर्डिंग मेली. म्हणजे मुलाला ही म्हातारपणापर्यंत जपायची वस्तू वाटत नसेल तर त्याचं बरोबर आहे. दुसरं, डबा नवीन पेनड्राइव्ह लावल्यावर विचारतो फॉरमॅट करू का आणि आपण ओके दाबतो. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी नातवाच्या बारशाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह लावला होता. पुढचं काय सांगायचं. डब्याचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा आणि त्याला लाल दोरा बांधा, इतकं बाळबोध सांगतोय कारण इतकंच कामाला येतं.

तिसरं पावसाचं. डिशचे सिग्नल केयू बँडवर येतात आणि त्या लहरी जाड पावसात शोषल्या जातात, म्हणून आषाढात पिपल्यापाला तलावाच्या बाजूने काळं आलं की तुमच्या टीव्हीवर सिग्नल नाही अशी पाटी येते, आणि तुम्ही देवळात असाल तर रेकॉर्डिंगमध्येही तीच पाटी भरली जाते. चौथं, चॅनलवाले वेळ पाळत नाहीत, साडेसातची मालिका सात एकतीसला सुरू होते आणि आठ चारला संपते, आणि रविवारचा महाएपिसोड असेल तर देवच राखो. डब्यात टायमर लावताना आधी दोन मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं जास्त लावा, नाहीतर सून चहात काय टाकते तेवढंच बघायचं राहून जातं आणि सासूबाई तुमच्याकडे बघतात जसं काही तुम्हीच कापलं.

आता मिस्टरांच्या स्टिककडे येतो. ही आपल्याकडे नवीन नाही, गूगलचं क्रोमकास्ट २०१४ च्या डिसेंबरात आलं, अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक २०१७ ला, आणि मग शाओमीची डबी, जिओचा डबा, एअरटेलचा, रांगच लागली. आत एक छोटा कॉम्प्युटर असतो, साधारण १ जीबी रॅम आणि ८ जीबी जागा, महागात दुप्पट. बरी वस्तू आहे, मी स्वतः वापरतो. रात्री अकराला सिनेमा बघावासा वाटला तर मिळतो, मागचा भाग मिळतो, पाऊस असो नसो मिळतो, रेकॉर्ड करायला विसरलो हे दुःखच नाही. तुम्हाला साडेसातची मालिका रेकॉर्ड करायची गरजच उरत नाही, कारण ती अ‍ॅपमध्ये पडलेली असते. मुलगा म्हणतो त्यातलं हे खरं आहे.

पण मराठी मालिका एका जागी नाहीत ना. झी मराठीच्या झी फाइव्हवर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन अ‍ॅप एक झाले त्यामुळे निदान या दोन्ही चॅनलना एकच पैसे. सोनी मराठीच्या सोनी लिववर. सासूबाई चार मालिका बघतात आणि त्या तीन अ‍ॅपमध्ये पसरल्या असतील तर तीन वर्गण्या, आणि वरून फायबरचं बिल. डिश बंद करून किती वाचले याचा हिशोब करताना हे कोणी धरतच नाही. आमच्या मराठी चॅनलचं एक बरं असतं की इथे मध्य प्रदेशात हिंदी पॅकमध्ये ती येत नाहीत म्हणून आपण ती निवडून, सुटी सुटी घेतलेली असतात, तेव्हा रिचार्जची पावती काढा, नको ती चॅनल गाळा, बरेचदा शंभर-दीडशे तिथेच सुटतात आणि डिश ठेवायची का काढायची हा वादच थंड होतो. आणि मुलाचं अकाउंट पुण्याहून इकडे चालेल असं समजू नका, नेटफ्लिक्सने तर जुलै २०२३ पासून आपल्याकडेही घराबाहेर पासवर्ड वाटणं बंद केलंय.

नेट कसं आहे तुमचं ते लिहिलं नाहीत. एचडीला ५ एमबीपीएस सलग मिळाले तरी पुरतात, फोरकेला, म्हणजे एचडीहून बारीक चित्राला, १५ लागतात, म्हणजे फायबरवाल्याचा सगळ्यात स्वस्त प्लॅनही चालेल, अडचण वेगाची नसतेच, अडचण भिंतीची असते. राउटर पुढच्या खोलीत, टीव्ही मधल्या खोलीत, मध्ये जुनी दीड फुटी भिंत, की लागलं गोल गोल फिरायला. आणि फायबर बंद असताना मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवू असा विचार असेल तर एचडी बघताना तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, रोजच्या दीड जीबीत अर्धा तास, संपला विषय. लाईट गेली तर आणखी मजा, टीव्ही इन्व्हर्टरवर असतो पण राउटर नसतो. ते मात्र आजच बघून घ्या, स्टिक घ्या अगर न घ्या.

मॅचचंही सांगून ठेवतो, मिस्टर क्रिकेट बघत असतीलच. स्ट्रीमिंगवरची मॅच डिशच्या वीस-तीस सेकंद मागे असते, कधी जास्तच. शेजारी आरडाओरडा होतो, फटाका फुटतो, आणि आपल्याकडे बोलर अजून रनअप घेतोय. त्यांना हे सांगा, मग बघा डिश काढायचा उत्साह किती टिकतो.

हे झालं मशीनचं. खरा प्रश्न सासूबाईंचा आहे आणि तो तुमच्या पत्रात एका ओळीत आलाय, तोंड उतरलंय म्हणून. माझ्या आईची गोष्ट सांगतो. पाच वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने तिच्या टीव्हीला स्टिक लावली, डिश काढली, सगळं समजावलं, आणि दुकानात निघून गेलो. संध्याकाळी आलो तर आई टीव्हीसमोर बसलेली, वर मोठमोठी पोस्टरं आपोआप सरकतायत, आणि ती शांतपणे बघतेय. मी म्हटलं आई काय बघतेस, तर म्हणाली, "हे सुरू कधी होणार रे?" अर्धा तास ती जाहिराती चालू आहेत असं समजून वाट बघत होती. तिला वाटलं टीव्ही लावला म्हणजे काहीतरी चालू असतंच, तुम्ही फक्त जाऊन बसायचं. आपण ज्याला निवड म्हणतो ते तिच्यासाठी काम होतं, सहा बटणं, खाली-खाली-उजवीकडे-ओके, मग प्रोफाइल कोणाचं, मग बघणं सुरू ठेवू का, मग मध्येच एका सिनेमाचा ट्रेलर. आणि तिला तिच्या चॅनलचा चार आकडी नंबर तोंडपाठ होता, अंधारात लावायची. दिवेलागणीला पहिली मालिका, तिच्या ब्रेकमध्ये कुकर, दुसऱ्या मालिकेला पानं घ्यायची, तिसरी संपली की दार लावायचं. घरातलं घड्याळच ते होतं, मी उचलून नेलं. आठवड्याने डिश परत लावली, लावणाऱ्याला पुन्हा पैसे दिले, शहाणपण विकत घेतलं म्हणायचं.

म्हणून माझं मत विचाराल तर डिश ठेवा, रेकॉर्डिंगवाला डबा ठेवा, आणि मिस्टरांसाठी स्टिक वेगळी घ्या. टीव्हीला एचडीएमआयची दोन भोकं असतील तर डबा एकावर, स्टिक दोनवर, बदलायला टीव्हीच्या रिमोटवर एक बटण. दोन्हीचं भांडण कोणी लावून दिलं कोण जाणे, सराफ्यात जाऊन भुट्टे का कीस खाल्ला म्हणून माणूस घरी वरणभात सोडतो का. पाच-सहा हजारांत स्टिक येऊन पैसे उरतात, फोरकेवाली घ्यायची तर टीव्हीही फोरके आहे का ते आधी बघा, नसेल तर साधी एचडी घ्या.

नवीनच डबा घ्यायचा ठरला तर डिश कंपन्यांचे अँड्रॉइड डबे येतात, डिशची वायरही जाते आणि नेटही, दोन्ही एकाच रिमोटवर. एअरटेलने २०१७ ला काढला, टाटावाल्यांनी २०२० च्या सुरुवातीला. कागदावर हे तुमच्यासाठी सगळ्यात सोपं वाटतं. पण घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, यात पेनड्राइव्हवर चॅनल रेकॉर्ड होतं का, आणि होत असेल तर आत्ता माझ्यासमोर करून दाखव. "हो हो सब होता है भिया" यावर जाऊ नका. यूएसबीचं भोक दिसलं म्हणजे रेकॉर्डिंग आहे असं नसतं, बरेचदा ते नुसतं फोटो बघायला असतं.

आणि जेल रोडच्या बाजारात कुणीतरी तुम्हाला एक काळी डबी दाखवेल, वर एटके लिहिलेलं, रिमोटला दिवे, सगळी चॅनल फ्री, वर्गणी नाही, दोन हजारांत. ती घेऊ नका. एक तर अशा डबीला सर्टिफिकेट नसतं, वाइडव्हाइन नावाचं गूगलचं चोरी रोखणारं कुलूप असतं, त्याची वरची पातळी नसते, त्यामुळे नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप चालली तरी ४८० ओळींच्या धूसर चित्रावर चालतात, डबीवर एटके लिहा नाहीतर ऐंशीके. दुसरं जास्त वाईट आहे, अशा बिनसर्टिफिकेटच्या डब्यांत कारखान्यातूनच व्हायरस भरून येतो आणि तुमच्या घरचं नेट वापरून तो बाहेर भलते उद्योग करतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स नावाच्या या प्रकाराबद्दल लोकांना जाहीर इशारा दिला होता. ज्या वायफायवर मिस्टर बँकेचं काम करतात त्यावर असला पाहुणा नको.

स्टिक घेतलीत तर दोन गोष्टी. तिच्यासोबत आलेला चार्जरच भिंतीत लावा, टीव्हीच्या यूएसबीवर चालवली की करंट कमी पडतो आणि ती मध्येच बंद-चालू होते, मग लोक मला फोन करतात की स्टिक खराब निघाली. आणि तिला दहा वर्षांची वस्तू समजू नका. मार्च २०२५ मध्ये जगभरची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट एका सकाळी चालेनाशी झाली, तुटलं काही नव्हतं, आतल्या एका डिजिटल सर्टिफिकेटची दहा वर्षांची मुदत संपली होती आणि ते वाढवायचं राहून गेलं. काही दिवसांनी गूगलने दुरुस्त केलं म्हणा. पण बघा, घरातली वस्तू घरातच, वायर लावलेली, आणि तिचा श्वास दुसरीकडे. माझा रामबागेतला शेवटचा व्हीसीआर आजही बटण दाबलं की घरघर करत कॅसेट आत ओढतो.

बरं, डबा नीट ऐकत नाही म्हणता ना, ते मला डब्याचं दुखणं वाटतच नाही. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. कॅमेऱ्यात जांभळट उजेड लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे, मंद दिसला किंवा दिसलाच नाही तर आधी सेल बदला, तरी नाही तर रिमोट गेला. दोनेकशे रुपयांत त्याच कंपनीचा मिळतो, जुना घेऊन जा म्हणजे चुकीचा येणार नाही. काही बटणं चालतात आणि काही नाही असं असेल तर आतलं रबर झिजलंय, सासूबाई रोज एकच नंबर दाबतात म्हणजे तीच बटणं गेली असणार. म्हणजे दोन महिने घरात जे महाभारत चाललंय ते दोनशे रुपयांचं असू शकतं. रिमोट चांगला निघाला तर मग डब्याच्या पुढच्या काचेवर कोणी स्टिकर लावलाय का, समोर गणपतीची मूर्ती ठेवलीये का, तेही बघा, हसू नका, हे दोन्ही मी पाहिलंय.

आता कॅसेट. यात मात्र घाई करा, म्हणजे लवकर हाती घ्या पण हळू करा. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ ला बनवणं थांबवलं, त्यामुळे जे आहेत ते तेवढेच, आणि त्यांचे रबरी पट्टे दरवर्षी सुकतायत. तीस वर्षं माळ्यावर म्हणजे इंदूरचे तीस उन्हाळे आणि तीस पावसाळे. आधी प्रत्येक कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेपच्या कडेला बघा. पांढरी भुकटी किंवा जाळीसारखं दिसलं तर ती बुरशी, ती कॅसेट अजिबात मशीनमध्ये घालायची नाही, ती आत गेली की टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि तिच्यानंतर घातलेली प्रत्येक कॅसेट खराब करते. तशी वेगळ्या पिशवीत ठेवा आणि हे काम करणाऱ्याकडेच द्या.

मग कॅसेटच्या मागच्या कडेचा छोटा प्लास्टिकचा दात बघा. तो तोडलेला असेल तर उत्तम, तिच्यावर नवीन रेकॉर्डिंग होत नाही. असेल तर स्क्रू ड्रायव्हरने आजच तोडा. आमच्या लायब्ररीत एक गिऱ्हाईक रडत आलं होतं, मुलाने मॅच भरायची म्हणून तोडलेल्या जागी सेलोटेप चिकटवली होती, ती युक्ती तेव्हा सगळ्यांना माहीत होती, आणि बहिणीच्या लग्नातल्या सप्तपदीवर पन्नास ओव्हर भरल्या.

व्हीसीआर चालू करताना पहिली कॅसेट सासऱ्यांची घालायची नाही, लग्नाचीही नाही. जिचं कुणाला काही वाटत नाही अशी घाला, एखाद्या हिंदी सिनेमाची असेलच. तिने टेप खाल्ली नाही, चित्र आलं, तर पुढे. चित्रात पट्टे आले तर हेड मळलंय. ते साफ करायला कापसाचा बोळा वापरू नका, धागा अडकून हेडचं टोक तुटतं, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामड्याचा तुकडा लागतो आणि हात वर-खाली नाही, आडवा, गोल ड्रमच्या फिरण्याच्या दिशेनेच. जमणार नसेल तर सोडा, जुन्या मेकॅनिककडे न्या. आणि चांगल्या कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळून घ्या, इतक्या वर्षांत टेप एकमेकीला चिकटलेली असते.

उतरवून घ्यायला यूएसबीची कॅप्चर डबी मिळते, व्हीसीआरच्या तीन वायरी तिच्यात, ती कॉम्प्युटरला. मुलाला दिवाळीला आल्यावर हे काम द्या, रेकॉर्डिंग कोण करतं म्हणाला ना, तोच करेल. सॉफ्टवेअरमध्ये पाल, म्हणजे आपल्याकडची चित्राची पद्धत, निवडायला सांगा, अमेरिकेची एनटीएससी नाही, आपल्या कॅसेट ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या, चुकीचं निवडलं की चित्र काळं-पांढरं होतं नाहीतर उड्या मारतं. तासाला दोनेक जीबीची फाइल ठेवली तर पुरे, व्हीएचएसमध्ये त्याहून जास्त काही नसतंच, कोणी फोरके करून देतो म्हणाला तर त्याला नमस्कार करा. झालेल्या फाइल दोन जागी ठेवा, एक डिस्क तुमच्याकडे, एक पुण्याला. मग हवं तर पेनड्राइव्हवर घालून थेट टीव्हीच्याच यूएसबीला लावा, सगळ्यांना दिसेल, मिस्टरांचं म्हणणं अशा रीतीने निम्मं खरं होईल. कॅसेट मात्र त्यानंतरही फेकू नका, उभ्या ठेवा, पुस्तकासारख्या.

या कामाला शॉर्टकट नाही, तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात, ती चालत असते आणि कुणीतरी समोर बसावं लागतं. सासूबाईंना बसवा. सासऱ्यांच्या कॅसेटमध्ये कोण कोण आहे, कुठल्या वर्षीचं आहे, मागे रडतंय ते पोर कुणाचं, हे आता त्यांनाच माहीत असणार, आणि फाइलला नाव द्यायला ते लागतंच. जवळ एक वही ठेवा, त्या सांगतील तसं मिनिट आणि नाव लिहीत जा. फक्त साडेसातच्या आत आटपा, नाहीतर त्या दिवशीची मालिका रेकॉर्ड करायला विसराल.